फुलं ढीगभर, फळ एक नाही

"झाड हिरवंगार आहे, फुलंही लागतात, पण दोन-तीन दिवसांत गळून पडतात. कोणतं खत घालू?"

ऊन तापायला लागलं की हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. गंमत म्हणजे विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. खत कमी पडतंय, एवढं नक्की; फक्त त्या खताचं नाव तेवढं माझ्याकडून हवं असतं. मी नाव सांगत नाही म्हणून काही जण नाराजही होतात.

त्यांना हसायला मला तोंड नाही, कारण पहिली तीन वर्षं मीही तेच केलं. गच्चीवरच्या टोमॅटोला आधी शेणखत, मग हाडांचा चुरा, मग केळीच्या सालींचं पाणी. शेवटी वैतागून युरिया, चिमूटभर म्हणता म्हणता चमचाभर. झाड माझ्या खांद्याला लागलं. पानं अशी काळपट हिरवी की बघत राहावं. टोमॅटो किती? दोन. त्यातला एक खारीनं नेला.

चौथ्या वर्षी एक साधी गोष्ट केली. संध्याकाळी झाडाखालची जागा झाडून घेतली, जुनं पांढरं फडकं अंथरलं आणि सकाळी त्यावर काय पडलंय ते एकेक उचलून बघितलं. तोवर गळलेली फुलं मी केरात लोटत होते. म्हणजे डॉक्टरकडे जायचं आणि रिपोर्ट वाटेतच फेकून द्यायचा, तसला प्रकार.

फडक्यावर काय दिसतं

टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मधेच एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. झाडानं स्वतःहून फूल सोडलं असेल तर ते बरोबर त्या गाठीपाशी सुटतं. तुटल्याची जखम दिसत नाही आणि फुलासोबत आलेला देठाचा तुकडा पिवळा पडलेला असतो. याचा अर्थ फळधारणा झाली नाही, झाडाला ते कळलं आणि त्यानं पसारा आवरला. देठ हिरवाच आहे आणि टोक कुरतडल्यासारखं किंवा तिरकं कापल्यासारखं आहे, तर मात्र उंदीर, खार, गोगलगाय किंवा अळी यांच्याकडे संशयानं बघा. तिथं पुढचं काहीच लागू होत नाही.

भेंडीखाली सुकलेल्या, गुंडाळलेल्या पाकळ्या पडल्या असतील तर शांतपणे चहा प्या. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं, पाकळ्या पडणारच. वर देठाशी बोटाच्या टोकाएवढी भेंडी उभी आहे का, एवढंच बघायचं.

काकडी, दुधी, भोपळा, कारलं, दोडका यांच्याखाली अख्खं फूल पडलंय आणि त्याचा देठ लांब, सडपातळ, पाकळ्यांमागे काहीच फुगीर नाही, तर ते नर फूल. त्याचं काम झालं, ते पडलं. पाकळ्यांमागे इवलंसं फळ आहे आणि ते पिवळं पडून सुरकुतलंय, तर ती मादी, आणि तिचा मात्र विचार करायला हवा. न उमललेल्या कळ्याच पडत असतील तर तो प्रश्न पुन्हा वेगळा. त्याकडे शेवटी येते.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की मी एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते आणि सगळ्यांवर एकच औषध ओतत होते.

टोमॅटो: दिवस नाही, रात्र बघा

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे दुसऱ्या झाडाची गरज नसते. मधे जो पिवळा सुळका दिसतो तो पुंकेसरांचा. पराग त्याच्या आत असतो आणि फूल हललं की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा खाली गळतो. वारा पुरतो. भुंगा आला तर उत्तम, कारण तो फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग झाडून घेतो. मधमाशीला हे थरथरवणं जमत नाही. ती टोमॅटोवर फारशी रमत नाही ती याच कारणानं.

आता उष्णतेचं. दिवसा पारा ३२-३५ अंशांच्या वर जात राहिला आणि रात्री २४ च्या खाली उतरेनासा झाला की टोमॅटोचा पराग नीट तयार होत नाही. झाला तरी रुजत नाही. बहुतेक लोक दुपारचं ऊन बघून घाबरतात, पण दिवसाच्या चार तासांच्या तापापेक्षा गरम राहिलेली रात्र झाडाला जास्त महागात पडते, असं माझ्या वहीतल्या नोंदी तरी सांगतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. पराग बिघडतो तो फूल उमललेल्या दिवशी नाही. उमलण्याच्या साधारण ८-१० दिवस आधी, कळी तांदळाच्या दाण्याएवढी असते तेव्हा. म्हणून उष्णतेची लाट आली की पहिले काही दिवस फळं धरतच राहतात आणि आपण म्हणतो, वा, आपलं झाड दणकट आहे. लाट ओसरते, हवा छान होते आणि नेमकी तेव्हा फुलं पटापट पडायला लागतात. मग आपण आदल्या दिवशी घातलेल्या खताला दोष देतो. किंवा, त्याहून वाईट, लाट जाऊन दहा दिवस झाल्यावर फळं धरू लागतात आणि त्याच सुमारास जे काही फवारलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. केळीच्या सालींच्या पाण्याची कीर्ती अशीच पसरली असावी.

पराग आहे की नाही हे घरी बघता येतं. सकाळी दहाच्या सुमारास, दव वाळल्यावर, पूर्ण उमललेल्या फुलाखाली मोबाइल धरा, काळा पडदा वर करून. देठाला टिचकी मारा. पडद्यावर हळदीसारखी बारीक भुकटी दिसली तर पराग आहे. चार-पाच फुलांना टिचक्या मारूनही काळा पडदा काळाच राहिला तर त्या दिवसापुरता विषय संपला. तुम्ही फुलाला गुदगुल्या करा नाहीतर टूथब्रश लावा, जे नाहीच ते पडणार कुठून? आणखी एक खूण: फार उष्णतेत सुळक्याच्या टोकातून स्त्रीकेसराची हिरवी काडी बाहेर डोकावते. असं फूल स्वतःच्याच परागापासून लांब गेलेलं असतं.

भुकटी पडतेय आणि तरी फळ नाही, तर मात्र हलवण्याचा उपयोग होतो. बंदिस्त बाल्कनीत वारा नाही, भुंगे नाहीत. तिथं बॅटरीवरचा टूथब्रश घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवायचा, फुलाला नाही. सकाळी दहा-अकराला, एक दिवसाआड. दमट हवेत पराग चिकट होऊन गोळा होतो, सुटत नाही. अशा दिवसांत जरा उशिरा, हवा कोरडी झाल्यावर करा.

रात्र कशी थंड करायची? हवा आपल्या हातात नाही, पण कुंडीभोवतीची हवा थोडीफार आहे. मी कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की भिंतीला चिकटून ठेवलेल्या कुंड्यांपाशी रात्रीचा पारा कठड्याजवळच्यापेक्षा तीन अंशांनी वर असतो. पश्चिमेची भिंत आणि स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. कुंड्या भिंतीपासून दोन-अडीच हात पुढे घेतल्या, खाली विटा ठेवून स्लॅबपासून उचलल्या, संध्याकाळी फरशीवर पाणी मारलं. बातम्यांमधलं तापमान तुमच्या कुंडीला लागू नसतं, हे त्या थर्मामीटरनं शिकवलं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर आत मुळांचं काय होत असेल! बाहेरून पांढरं कापड गुंडाळलं तरी फरक पडतो. मातीवर पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन हवंच.

शेडनेट लावणार असाल तर ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, पुरतं, आणि तेही साधारण अकरा ते चार. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली दिवसभर ठेवलेलं टोमॅटो उंच, किडकिडीत होतं आणि फुलंच कमी देतं. म्हणजे गळ थांबली असं वाटतं खरं, पण गळायला काही उरलेलंच नसतं. जाळी झाडापासून हातभर उंच बांधा, मधून हवा खेळू द्या.

खरा इलाज मात्र वेळापत्रकाचा आहे. बी टाकल्यापासून फूल यायला साधारण दोन ते सव्वादोन महिने जातात. तुमच्याकडे ज्या महिन्यांत रात्री गार असतात तिथून मागे मोजा आणि बी तेव्हा टाका. कडक उन्हाळ्यात फुलोऱ्यावर येणारं मोठ्या फळाचं टोमॅटो लावणं म्हणजे हट्ट आहे. हट्टच करायचा तर चेरी टोमॅटो लावा, ती बरीच सोसते. आणि धरलेली फळं लाल न होता नारिंगी-पिवळीच राहत असतील तर तोही उष्णतेचाच खेळ. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही. रंग पालटायला लागला की तोडून घरात सावलीत ठेवा, लाल होतात.

मिरची आणि वांगी

मिरचीचं गणित टोमॅटोसारखंच, फक्त तिखट मिरची ढोबळीपेक्षा काटक. पण मिरचीत दोन गोष्टी वेगळ्या बघा. एक, पाण्याचा झटका. एक दिवस माती दगडासारखी सुकली, झाड माना टाकून उभं, मग घाबरून बादलीभर पाणी. दोन-तीन दिवसांनी फुलांचा सडा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. तिथं ओल नसेल तर पाणी, असेल तर हात मागे. दुसरी, फुलकिडे. पांढऱ्या कागदावर फूल झटका. बारीक पिवळट किंवा काळपट रेघा चालायला लागल्या तर तेच. पानांच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं असेल तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी नावाची बारीक कीड (जाळं विणणारा कोळी नव्हे). निळे चिकट सापळे आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण मिसळून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. एकदा फवारून भागत नाही, आठवड्यानं पुन्हा.

आणि हो, झाडावर आधीच वीस-पंचवीस मिरच्या लटकत असतील आणि नवीन फुलं गळत असतील तर तो आजार नाही. झाडाचे हात भरलेत. मिरच्या तोडा.

वांग्याचं एक गुपित फार कमी लोक बघतात. वांग्याची सगळी फुलं सारखी नसतात. फूल हातात धरून मधे बघा: पिवळ्या पुंकेसरांच्या झुबक्यातून हिरवी काडी बाहेर आलेली दिसते का? आली असेल किंवा निदान बरोबरीला असेल तर त्या फुलाला वांगं धरू शकतं. काडी आतच दडलेली, आखूड असेल तर ते फूल पडणार, तुम्ही काहीही करा. अशी आखूड काडीची फुलं प्रत्येक झाडावर काही ना काही असतातच. उपाशी किंवा म्हाताऱ्या झाडावर ती जास्त. जवळजवळ सगळीच तशी दिसायला लागली तर झाड छाटून, शेणखत घालून नवी फूट येऊ द्या. खतानं प्रश्न सुटला असं मी मनापासून म्हणू शकते अशी ही मोजक्यातली एक जागा.

वेलवर्गीय: इथं सगळं घड्याळावर चालतं

सगळ्यात जास्त हळहळ वेलींवर होते. दुधीचा वेल मांडवभर पसरलाय, रोज पांढरी फुलं, आणि फळ शून्य. सुरुवातीचे काही दिवस तर काळजीच करू नका: वेलीवर आधी नर फुलं येतात, मादी मागून. पाकळ्यांमागे फळाची प्रतिकृती दिसली की मादी आली. कडक ऊन, लांब दिवस आणि भरपूर नत्र या तिन्हींनी नर फुलांची संख्या वाढते. युरियाचा चमचा इथंही नडतो.

दुधीच्या मादी बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, म्हणून शेंडा खुडतात. हल्ली याला थ्रीजी कटिंग असं भारदस्त नाव मिळालंय: मुख्य वेलीचा शेंडा खुडायचा, मग निघालेल्या फांदीचा खुडायचा, मग तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर माद्या. पद्धत खोटी नाही. पण बादलीएवढ्या कुंडीत दुधी लावून थ्रीजी करणाऱ्यांचं मला कोडं पडतं. तीस माद्या आल्या तरी पोसणार कोण? दुधीला चाळीस-पन्नास लिटर माती द्या, मग कात्री उचला.

मादी आली, उमलली आणि तीन-चार दिवसांत तिच्यामागचं फळ टोकाकडून पिवळं पडून सुरकुतलं, तर पराग पोचला नाही. इथं घड्याळ बघायचं. काकडी, कारलं, भोपळा, घोसाळं ही पहाटे किंवा सकाळी लवकर उमलतात. भोपळ्याचं फूल तर उन्हं चढेपर्यंत मिटायला लागतं. दुधी, दोडका आणि पडवळ मात्र संध्याकाळी किंवा तिन्हीसांजेला उमलतात. दुधीची आणि पडवळाची फुलं पांढरी असतात ती उगाच नाही. अंधारात येणाऱ्या पतंगांना ती दिसावी लागतात. सकाळी नऊ वाजता दुधीच्या मलूल फुलाला परागीकरण करत बसलेली माणसं मी पाहिलीत, आणि त्यांत एक मी होते. आदल्या रात्री दुकान उघडून बंद झालेलं असतं.

कृती सोपी आहे. त्याच दिवशी उमललेलं ताजं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या मागे सोलून काढा, मधे परागाचा पिवळा ठोकळा उघडा पडेल. बोट लावून बघा, पिवळं लागलं पाहिजे. मादीच्या मधोमध तीन फुगीर पाळ्या असतात. त्या तिन्हींवर ठोकळा हलकेच फिरवा. घाईत एकाच पाळीला लावला तर फळ एका अंगानं वाढतं आणि वाकडं होतं. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. मग देठाला सैल दोरा बांधून ठेवा. परागीकरण लागू पडलं तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो, फळावरची चमक वाढते आणि लव दाट दिसते.

मधमाश्या-पतंग का येत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा आपल्याच हातात असतं. फवारणी संध्याकाळी करावी हा नियम सगळे सांगतात, मीही वर सांगितला. पण दुधी-दोडक्याला तोच नियम उलटा पडतो, कारण त्यांचे पाहुणे नेमके संध्याकाळीच यायचे असतात. या वेलींना काही फवारायचंच झालं तर सकाळी, फुलं मिटल्यावर, आणि फुलं टाळून. शेजारी तुळस, झेंडू, सब्जा फुलोऱ्यावर राहू द्या. तुळशीच्या मंजिऱ्या दिसल्या की खुडायची सवय असेल तर एखादं झाड तसंच सोडा.

करटोली लावलीय आणि वर्षानुवर्षं फळ नाही, तर तो वेल एकटा नर किंवा एकटी मादी असण्याची दाट शक्यता. या वेलींत नर-मादी वेगळी असतात. मादी वेलींच्या सोबत एखादा नर लागतोच.

आता पिवळं पडलेल्या त्या छोट्या फळाचा दुसरा अर्थ. ते हातात घेऊन उजेडात फिरवा. टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यावर डिंकासारखा थेंब, आणि त्या बाजूनं फळ दबलेलं, वाकडं? फळमाशीनं अंडी घातलीयत. चिरून बघा, आत पांढऱ्या अळ्या असतात आणि मोठ्या अळ्या चक्क उड्या मारतात. इथं परागाचा दोष नाही, आणि हातानं परागीकरण करत राहिलात तर माशीला मेजवानीच. फळ धरलं की लगेच कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीच्या कापडाची थैली घाला. फळ अंगठ्याएवढं झाल्यावर घातली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पडलेली फळं झाडाखाली ठेवू नका, कंपोस्टमध्येही नको. अळी फळातून निघून मातीत कोषात जाते आणि तिथून नवी माशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात टाका. वेलवर्गीय पिकांच्या माशीसाठी क्यू-ल्यूरचा, म्हणजे माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा मिळतो. तो फक्त नर पकडतो, म्हणून सापळा लावून निर्धास्त राहू नका, पिशव्या घालायच्याच.

लिंबू, पपई

लिंबाबद्दल इतकंच सांगते की ते उधळं झाड आहे. शंभर फुलांतली चार-पाच टिकली तरी भरपूर. वाटाण्याएवढी फळं गळतात तीही झाडाचीच छाटणी. गोटीएवढी झालेली फळं पडू लागली आणि दुपारी पानं आत वळलेली दिसली, तर पाण्यात अनियमितपणा आहे. फुलोऱ्यावर असताना लिंबाची कुंडी बदलू नका. मी बदलली होती, आठ दिवसांत झाड नागवं झालं.

पपई उन्हाळ्यात अचानक फळ धरायची थांबली तर कुऱ्हाड घेऊ नका. उभयलिंगी झाड कडक उष्णतेत नर फुलं देऊ लागतं आणि गारवा आला की पुन्हा वळणावर येतं. लांब लोंबत्या देठांवर झुपक्यानं फुलं येणारं झाड मात्र नर, त्याच्याकडून फळाची आशा नको.

कळ्याच पडत असतील तर

हे मुख्यतः जास्वंद आणि मोगऱ्याचं. जास्वंदीची कळी पिवळी पडून गळते, लोक खत घालतात, गळ चालूच. पडलेली कळी नखानं उभी फाडा. आत दोन-तीन मिलिमीटरच्या पांढुरक्या-पिवळ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीत अंडी घालणारी बारीक माशी. तिच्यावर फवारणी फारशी पोचत नाही, कारण अळी कळीच्या पोटात. इलाज कंटाळवाणा आहे पण चालतो: दोन-तीन आठवडे रोज पडलेल्या आणि पिवळ्या पडत चाललेल्या कळ्या गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. एकही मातीवर राहू द्यायची नाही, कारण हिचाही पुढचा जन्म मातीतच. मोगऱ्याच्या कळ्या बुडाशी फुगून जांभळट-गुलाबी दिसत असतील तर हीच माशी. कळ्यांना भोक आणि जाळं असेल तर कळी पोखरणारी अळी. आत काहीच सापडलं नाही तर देठाशी कापसासारखे पिठ्या ढेकूण बघा. तेही नसतील तर आठवा, गेल्या आठवड्यात कुंडीची जागा हलवली होती का?

बाटल्यांविषयी

फूलगळ थांबवणारं संप्रेरक म्हणून एनएए विकतात. शेतकरी ते मापात, योग्य वेळी वापरतात. घरी मी वापरत नाही. मेलेल्या परागाला ते जिवंत करत नाही, आणि मात्रा चुकली तर उलट गळ होते. काही फळबागांत फळं विरळ करायला हेच रसायन मारतात. आठ-दहा कुंड्यांसाठी थेंब मोजताना हात थरथरण्यात काय अर्थ आहे? बोरॉनचं तसंच. परागनलिका वाढायला बोरॉन लागतं हे खरं, पण ते लागतं अगदी नखभर, आणि जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वर्षातून दोनदा घालत असाल तर बोरॉनची बाटली फडताळातच राहिलेली बरी.

युरिया-चमच्याचं प्रायश्चित्त विचाराल तर: नत्र पूर्ण बंद, दोन-तीन वेळा कुंडीच्या खालून वाहीपर्यंत पाणी, आणि वाट बघणं. माझ्या त्या खांद्याएवढ्या टोमॅटोनं महिन्याभरानं, रात्री गार झाल्यावर, घोस धरले. दोन्हींपैकी कशामुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

या वर्षी दुधीच्या वेलीवर मी रंगीत दोरे बांधतेय, प्रत्येक मादीला एक, आणि वहीत तारीख. काल संध्याकाळी सातला टॉर्च घेऊन वर गेले तर माझ्या आधी एक पतंग फुलापाशी हजर होता, पंख दिसू नयेत इतक्या वेगानं हलवत. मी टॉर्च विझवला आणि हातातलं नर फूल तसंच कठड्यावर ठेवून दिलं. लाल दोऱ्याचा देठ परवा जाड दिसला की त्याला पिशवी घालीन. हिरव्या दोऱ्याची मादी आज सकाळी फडक्यावर होती. टोचल्याचा ठिपका नाही, टोकाकडून पिवळी. वहीत बघितलं, त्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला होता.